चाकांवरची काळी भुकटी

सिल्व्हर पार्कातल्या त्या सोसायटीत सकाळी कोणी दूध आणायला उतरो की फिरायला जायला, म्हापणकर पार्किंगमध्ये आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी लाकडी पाट टाकून बसलेले दिसणारच. सोबत अर्धी बादली पाणी, त्यात चमचाभर शाम्पू, दाढीचा जुना ब्रश आणि बनियनची फडकी. सोसायटीत पाणी टँकरचं, त्यामुळे पाइप लावून गाडी धुवायला बंदी होती, आणि म्हापणकरांना त्याची गरजही नव्हती. गाडीच्या टपावर कावळ्याने काय करून ठेवलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्यांचा सगळा जीव चाकांत. लोक म्हणत, रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतंच, यांना चाकांचं लागलं.

कोणी उभं राहून विचारलंच, तर म्हापणकर खुशीने समजावून सांगत. ब्रेक दाबला की आतलं पॅड डिस्कवर घासतं आणि दोघांची झीज बारीक काळी भुकटी होऊन चाकावर बसते. त्यात लोखंडाचा कीस असतो. इथे खाडीची खारी हवा, भुकटी तशीच राहिली तर चाकाला तांबूस डाग धरतात आणि मग ते बापजन्मात निघत नाहीत. चाक गरम असताना पाणी मारायचं नाही आणि ॲसिडच्या वाटेला तर जायचंच नाही. बी विंगमधल्या एका शहाण्याने संडास धुवायचं ॲसिड मारलं होतं. चाकं आठ दिवस चकाकली आणि नवव्या दिवशी देवी आल्यासारखी दिसायला लागली.

हे सगळं खरं होतं, पण चाकाशी बसायचं खरं कारण हे नव्हतं. ते म्हापणकरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

हरिश्चंद्र म्हापणकर गिरगावातून मीरा रोडला आले तेव्हापासून गाडी चालवत होते आणि आपल्यासारखा चालवणारा दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मग दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नाकासमोरचं लख्ख दिसायचं, बाजूचं मात्र गेलं होतं. गाडी बंद, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. पुण्याहून मुलीचा, नेत्राचा, फोन आला की बाबा, विकून टाका. म्हापणकर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरिजाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मी शिकते." वय वर्षं एकोणसाठ, आणि त्याआधी बाईंनी सायकलसुद्धा चालवलेली नव्हती.

म्हापणकरांनीच त्यांना शिकवलं. हाटकेशला रविवारी कारखान्यांचे गाळे बंद असतात, रस्ते मोकळे असतात, तिथे. त्या दिवसांत घरी आल्यावर चाकं अशी काळीकुट्ट झालेली असत, की फडक्याचे तीन तुकडे वाया जात. बायको घाबरट आहे, सारखी ब्रेकवर पाय ठेवते, असा निष्कर्ष म्हापणकरांनी काढला आणि तो बरोबरच आहे असं धरून चालले.

पण लायसन्स मिळालं, गिरिजाबाई एकट्या गाडी काढू लागल्या आणि चाकं हळूहळू बदलली. महिन्याभरात भुकटी काळ्याची राखाडी झाली. पावसाळ्यानंतर तर फडक्यावर नुसती छाया उमटायची. म्हापणकर ते फडकं उजेडात धरून बघत राहत. ज्याला पुढचं दिसतं, तो ब्रेक कमी लावतो. सिग्नल लाल व्हायच्या आधी पाय उचलतो, रिक्षा मध्ये घुसणार हे तिच्या आधी ओळखतो. त्यांची बायको आता हे सगळं करत होती आणि जगात ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती. एकदा गिरिजाबाई घोडबंदरच्या घाटापलीकडे बहिणीकडे जाऊन आल्या. पुढे-मागे ट्रक, त्यात सगळा उतार, आणि चाकं बघावीत तर जवळजवळ कोरी. म्हणजे बाईंनी ब्रेक न रगडता गाडी गिअरवर उतरवली होती. हे त्यांना स्वतःला जमायला पाच वर्षं लागली होती. म्हापणकरांचा ऊर भरून आला. पण बायकोचं तोंडावर कौतुक करायची रीत म्हापणकरांच्या घराण्यात नव्हती. ते वर गेले, दुसरा चहा मागून घेतला आणि पेपर उघडून बसले.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्यांनी चाकावर बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. गुरुवारी पुन्हा तेच. त्यानंतरच्या रविवारी तर चाकं हाटकेशच्या दिवसांची आठवण यावी इतकी काळी झाली होती.

ट्रॅफिक फार होतं का, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. नेहमीचंच, असं म्हणून गिरिजाबाई ओट्याकडे वळल्या. त्या वळण्यात काहीतरी लपवणं होतं, हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर कळतंच. म्हापणकरांच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. कुठे गाडी घासली असेल, कोणी मध्ये आलं असेल, बाईंनी धसका घेतला असेल आणि आपल्याला सांगत नसतील. धास्तावलेला माणूस एकदा चुकीच्या वेळी ब्रेक लावतो, आणि मागून ट्रक येत असतो. आपल्या गाडीच्या हौसेपायी आपण हिला या वयात रस्त्यावर ढकललं, या विचाराने त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्यांनी नेत्राला फोन केला आणि मग भाईंदरच्या जितेशला. जितेश जुन्या गाड्या घेई-विके. रविवारी सकाळी येतो, म्हणाला. गिरिजाबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. आधी सौदा ठरू दे, मग बघू, असं स्वतःला समजावलं.

रविवारी गिरिजाबाई भाजी आणते म्हणून गाडी घेऊन गेल्या. भाजीला दोन तास लागत नाहीत, हे म्हापणकर ओळखून होते. जितेश वेळेच्या आधीच आला. दोघं गेटजवळ उभे राहिले.

थोड्या वेळाने गाडी वळणावर दिसली ती उचक्या देत. गाडी जवळ आली तेव्हा मात्र त्यांना आपल्या उरल्यासुरल्या नजरेचाच संशय आला. स्टिअरिंगवर सुलू होती. ही सुलू म्हणजे उत्तनची, कोळणी, गेली वीस वर्षं त्यांच्या बिल्डिंगमध्ये दारावर मासे घेऊन येणारी. केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात सोनं, आणि चेहरा असा की वादळात होडी सापडली आहे. गिरिजाबाई तिच्या शेजारच्या सीटवर होत्या.

सोसायटीच्या गेटला चढण आहे. तिथे गाडी बंद पडली आणि हातभर मागे सरकली. सुलूने कचकन ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. या गाडीचं स्टिअरिंग घरच्यांशिवाय कोणाच्या हातात द्यायचं नाही, हा म्हापणकरांचा कायदा होता. ते ओरडायला तोंड उघडून पुढे झाले आणि तेवढ्यात त्यांना काचेतून बायको दिसली.

गिरिजाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. देवळात बसावं तशा त्या बसल्या होत्या. ओठ हलत होते, सुलूला काहीतरी सावकाश सांगत होत्या, आणि चक्क हसत होत्या. रिक्षावाल्याचा हॉर्न त्यांच्या गावीही नव्हता. सुलूने मान डोलावली, क्लच हळूच सोडला आणि गाडी चढण चढून आत आली.

म्हापणकर जागच्या जागी थांबले. हाटकेशला शिकवताना त्यांचा एक हात कायम हँडब्रेकवर असायचा. गाडी चार हात गेली की ते "ब्रेक, ब्रेक" म्हणून ओरडायचे आणि गिरिजाबाई दचकून पाय दाबायच्या. तेव्हाची चाकं बायकोच्या भीतीने काळी झाली नव्हती. गाडीत घाबरणारा माणूस एकच होता, आणि तो डाव्या सीटवर बसलेला होता.

सुलू उतरली आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, बाईंवर रागावू नका. आमचा टेंपो हाय, पन डायवर दोन दिवसाआड दांडी मारतो. बंदरावर म्हावरं पडून ऱ्हातं. मीच बाईंच्या मागं लागली. लर्निंग काढलंय मी, कागद हाय."

म्हापणकर काही बोलायच्या आत जितेश गाडीभोवती एक फेरी मारून आला. "गाडी तो अच्छी रखी है, अंकल. किती अपेक्षा आहे?"

गिरिजाबाईंनी गाडीचं दार लावता लावता विचारलं, "कशाची अपेक्षा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हापणकरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. भुकटी, ती कशी कमी होत गेली, मग अचानक कशी वाढली, आणि ते कसे घाबरले. घाटातून गिअरवर उतरवलेल्या गाडीचंही सांगितलं. गिरिजाबाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, हे म्हापणकरांना कळेना.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही ते बघत होतात?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी गाडी खराब करते म्हणून तुम्ही घासत बसता. दोन वर्षं, अहो. खिडकीतून तुम्हाला बघितलं की वाटायचं, आज पण माझं काहीतरी चुकलं."

रोज सकाळी म्हापणकर ज्या कौतुकाने खाली बसत, ते कौतुक तिसऱ्या मजल्यावर टोमणा म्हणून पोचत होतं. आणि त्यांनी इतक्या दिवसांत चाकांना सगळं विचारलं होतं, एका माणसाला सोडून.

ते जितेशकडे वळले. "गाडी विकायची नाही. आणि पुढेमागे विकायची झालीच, तर मला फोन करू नका. यांना करा. चालवतात त्या."

जितेश समजूतदार होता. कार्ड खिशात परत ठेवून तो निघून गेला. सुलूची अजून एक फेरी राहिली होती, रिव्हर्सची. ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली, गिरिजाबाई शेजारी. म्हापणकर मागचं दार उघडून आत बसले. आपल्याच गाडीत मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनीही ते मांडीवर ठेवले.

गाडी सुरू झाली. म्हापणकरांनी दोनदा घसा खाकरला.

"गिरिजा, तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस," ते म्हणाले. "आणि शिकवतेस तर कितीतरी चांगली."

गिरिजाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पदराने डोळे टिपले आणि समोर बघतच म्हणाल्या, "परत एकदा म्हणा. सुलूला नीट ऐकू आलं नसेल."

म्हापणकरांनी परत म्हटलं. या वेळी एवढ्या मोठ्याने की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला.