रविवारी भिजवलेली अळंबी

भाचीच्या लग्नात जिनशुई मामा काहीतरी उपद्व्याप करणार, यावर गावात पैजा लागल्या होत्या. माणूस पन्नाशीचा, वरच्या दातांची कवळी बसलेली, पण खोड्या काही सुटल्या नव्हत्या. मागच्या लग्नात ‘गाडीचे ब्रेक गेले!’ म्हणून बोंब मारून त्याने अख्खं वऱ्हाड भातखाचरात उतरवलं होतं. नववर्षाच्या जेवणात तर ‘विष, विष!’ करत असा काही तडफडला, की शेजारच्या फान काकूने गळाच काढला. मग गडी उठून म्हणतो कसा, "काकू, अजून जरा मोठ्याने रडायला हवं होतं!"

आज खिशात मोहरीची पूड होती. नवरीच्या मैत्रिणींनी दार अडवलं की नवरदेवाला रिवाजाची जी वाटी पाजायची, तिच्यात टाकायला. म्हणून मामा हळूच स्वयंपाकघरात शिरला.

चुलीवर पांढऱ्या अळंबीची खीर रटरटत होती. खडीसाखर, कमळबिया, लाल खजूर. कशी घट्ट, लुसलुशीत, चमच्याला तार धरणारी! नवरीचे गाल कोरडे, पापुद्रे निघालेले. ही खीर प्यायली की कातडी आतून ओली राहते, हे इथल्या बायांना जन्मापासून पाठ. घरोघर अळंबी पिकवायच्याच खोल्या, अविश्वास कोण दाखवणार?

"एवढी अळंबी? कधी भिजवलीस, ताई?"

"रविवारी," श्युएफांग ताई ढवळता ढवळता म्हणाली. "सोमवारचं लग्न होतं ना. वादळाने घाटरस्ता गेला, पंचांगवाल्याने आज गुरुवारचा मुहूर्त काढून दिला. एवढा माल टाकून देऊ का? रोज पाणी बदललं की!"

"फ्रीजमध्ये होती?"

"वीज कुठे होती तीन दिवस!"

मामाचा हात खिशातच राहिला. मागच्या उन्हाळ्यात वरच्या आळीत एकाच घरातली तिघं अशीच गेली होती. त्या घरातल्या बापाची शवपेटी वाहताना मामाच्या खांद्याला वळ उठला होता. डॉक्टर सांगत होते, फार वेळ भिजली की अळंबीत विष धरतं. वास नाही, चव नाही, उकळून जात नाही. आधी पोटात कळ, मग लिव्हर खलास.

"ताई, उतरव ते. विष आहे त्यात."

ताई खळखळून हसली. "अगं लीयान, ये गं! तुझ्या मामाचं सुरू झालं!"

"शप्पथ घेतो! वरच्या आळीत..."

"मेलेल्यांची तरी थट्टा करू नकोस रे, मेल्या," फान काकू वाट्या मांडत म्हणाली. "या वेळी नाही हं मी रडायची."

लाल झग्यातली लीयान आली. मागोमाग पाच मैत्रिणी. "मामा, आजचा दिवस सोड ना. उद्या हवी तेवढी थट्टा कर."

"पोरी, हात जोडतो..."

"बघा बघा, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं!" सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या. ताईने पहिली वाटी भरली. लीयानने हात पुढे केला.

आता सांगून काय होणार होतं? मामाने तोंडात बोटं घातली, कवळी उपसली आणि टाकली पातेल्यात. डुबुक! वर खाकरून थुंकला. लीयानच्या हातातल्या वाटीतही थुंकला.

एकच किंकाळी उठली. ताईने पळीनेच त्याच्या पाठीत दोन हाणल्या. लीयान रडत आत पळाली. पातेलं मोरीत रिकामं झालं, तेव्हा कुठे मामाने श्वास घेतला. कवळी मात्र उचलली नाही.

"डुकरांना घालू नका," तो बोबडं बोलला.

बाहेर फटाके वाजले. नवरदेवाची गाडी आली, बॉनेटवर गुलाबांचा मोठा गुच्छ.

"सोन्यासारखी खीर!" ताई पातेलं घासत कुरकुरली. "नशीब, पहाटे गोडी बघायला मी एक वाटी घेतली. लेकीच्या लग्नात आईनेही जरा टवटवीत दिसावं की नाही?"

मामा बघतच राहिला. ताईचा एक हात पातेल्यावर होता, दुसरा पोटावर.

"असा काय बघतोस? जागरणाने मळमळतंय जरा."

"ताई, चल."

त्याच्या बोळक्या तोंडाकडे बघून तिला हसू फुटलं. मग तिने त्याचे डोळे पाहिले आणि हसू अर्ध्यावरच थांबलं.

त्याने तिला दंडाला धरून अंगणातून ओढत नेलं, गाडीत कोंबलं, नवरदेवाच्या हातातली किल्ली हिसकावली. फटाक्यांच्या लाल कागदांवरून गाडी भर्रकन मागे गेली आणि तालुक्याच्या रस्त्याला लागली.

"मामाने नवरदेवाची गाडी पळवली रे!" अंगणात हशा फुटला. लोक शिट्ट्या मारत होते, पैजेचे पैसे मागत होते.

आरशात ते सगळे हसताना दिसत होते. मागच्या सीटवर ताई पोट धरून वाकली होती. नव्या झग्याची बाही तिने तोंडात कोंबली होती. तिचे गाल मात्र कसे ओले, तुकतुकीत दिसत होते.