एकटीला उचलंल एवढंच

निजामभाऊच्या दुकानात त्या दिवशी मी सगळ्याला जड म्हणलं. नांगर जड, वल्हं जड, लोखंडी कडी जड. शेवटी त्यानं माणूस बुडू नये म्हणून घालायचं ते फुगीर जाकीट हातात दिलं. त्यात वजन ते काय असणार? तर तेबी मी खाली टाकलं आणि म्हणलं, "लय जड हाय." निजामभाऊला हसू आलं. आमचे मालक हसले न्हाईत. त्यांनी जाकीट उचललं, झटकलं आणि परत माझ्या हातात दिलं.

मालकांचं नाव नथू. मी नाव घेत न्हाई, पण सांगायचंच झालं तर घ्यायला पायजे. माझं नाव भामा. आमची भाताची खाचरं धरणात गेली तवापासून आमी त्याच पाण्यावर मासे धरतो. मालक होडीत पुढं बसून जाळं ओढायचे, मी मागं बसून वल्हं मारायचे. दोघांचंच काम हाय ते. जाळं ओढायला घेतलं की होडी आडवी फिरती, वारा तिला कुटंच्या कुटं नेतो. मागच्यानं ती धरून ठेवली तरच पुढच्याचे हात चालतात. मालक पुढून ओरडायचे, "डावीकडं घे, डावीकडं!" आणि मी मागून म्हणायचे, "मला डोळे हायेत." असा आमचा संसार. गोडीगुलाबीचं बोलणं आमच्यात कधी झालं न्हाई, आणि त्यावाचून काय अडलंबी न्हाई.

गेल्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. झाडपाला झाला, पथ्यपाणी झालं, डोळ्यांचा पिवळेपणा हटंना. मग चिंचवडला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं त्यांना बाहेर बसवलं आणि मला समजवायला लागली, तर हे दार ढकलून आत आले. म्हणले, "दुखणं माझं हाय ना? मग मला सांगा." तिनं सांगितलं. पोटात गाठ हाय, पसरलीय. गोळ्यांनी दुखायचं कमी हुईल, गाठ काय जायाची न्हाई.

परतीच्या लोकल गाडीत बसलो. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसलेते. हे खिडकीतनं बाहेर बघत हुते. बेगडेवाडीला गाडी थांबली तवा म्हणले, "होडी तुझ्या हाताला बसती करायला पायजे."

"अवं, कसली होडी? होडी गेली खड्ड्यात!"

"तुला एकटीला चालवता यायला पायजे. दोघांची होडी एकटीला झेपायची न्हाई."

"मला न्हाई चालवायची. इकून टाकू."

"आणि मग? राजेश्वरीच्या दारात बसशील?"

राजेश्वरी आमची एकुलती एक लेक, आंबीला दिलीय. जावई कंपनीत हाय, चांगला हाय, पण खोली एक आणि माणसं पाच. तितं जाऊन बसले तर आठ दिवसांत माझं आणि तिच्या सासूचं वाजंल, हे मलाबी ठाऊक हुतं. पण त्या वेळी मला कुणाचं शहाणपण ऐकायचं नव्हतं. आता हा माणूस जायाचं ठरवूनच बसलाय आणि मागची झाडलोट करतोय, असं वाटलं मला. असा राग आला म्हणता! घरी जाऊन मी भाकरीसुद्धा रागानं थापल्या.

चार दिवसांनी त्यांनी मला लोणावळ्याला नेलं, निजामभाऊकडं. पवनेच्या धरणाकाठी सहलीवाल्यांसाठी तंबू लावतात, त्या तंबूवाल्यांना हा निजामभाऊ होड्यांचं सामान देतो, दुरुस्त्याबी करतो, आणि जुनं भंगार इकत घेतो. आमची फायबरची होडी त्यानंच दोनदा सांधून दिलती. मालकांना बघून तो उठलाच. "नथूभाऊ, वाळलात किती!" म्हणाला.

मालकांनी सरळ सांगितलं. "निजामभाऊ, मी आता लय दिवस न्हाई. होडी हिला एकटीला चालवायचीय. काय काय लावावं लागंल ते दाखव. पण हिला एकटीला उचलंल एवढंच दाखव."

निजामभाऊनं फडक्यानं हात पुसले. मग आत जाऊन एकेक वस्तू आणायला लागला.

पयलं त्यानं बॅटरीवर चालणारं इंजिन काढलं. "हे लावा. वहिनींना वल्हं मारायलाच नको. तंबूवाले हेच नेतात." मालकांनी इंजिन बघितलं, पंखा फिरवून बघितला आणि म्हणले, "बॅटरी कुटं हाय? भामा, उचल." मी उचलायला गेले तर ती जागची हलंना. "ही खरंच जड हाय," मालक म्हणले. "रोज चार्जिंगला घरी न्यायची म्हणजे अख्खा चढ चढायचा. नको." इंजिन बाजूला गेलं.

मग निजामभाऊनं एक पडदा दाखवला, मोबाईलसारखा. पाण्यात मासा कुटं हाय ते त्यात दिसतं म्हणे. मालकांनी तो हातातसुद्धा घेतला न्हाई. "मासा कुटं हाय ते हिला ठाऊक हाय," म्हणले. "माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय."

उभ्या जन्मात ह्या माणसानं असं म्हणलं नव्हतं. मी दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले. चिक्कीच्या पिशव्या घेतलेली माणसं हसत खिदळत चाललीती, त्यांचाबी राग आला.

उन्हाला छत दाखवू का असं निजामभाऊनं विचारलं. मालक म्हणले, वारा त्यात भरंल आणि होडी उलटंल, हिच्या डोक्याला पदर हाय तो बास. मग नळीचा फिरता रोलर निघाला, होडीच्या कडेला बसवायचा, म्हणजे जाळं त्याच्यावरनं घसरत वर येतं, हातावर ताण येत न्हाई. हे त्यांना पसंत पडलं. त्याच्या शेजारी एक कडी, ओढता ओढता हात सोडायची येळ आली तर जाळ्याचा दोर अडकवायला. घडी घालायचा छोटा नांगर, वारा सुटला तर होडी जागेला राहावी म्हणून. एक आखूड वल्हं. आणि ते जाकीट. प्रत्येक वस्तूला मालक म्हणायचे, "उचल." आणि मी म्हणायचे, "जड हाय."

"वहिनी," निजामभाऊ हळूच म्हणाला, "एक तरी घ्या ना. भाऊंना बरं वाटेल."

"त्यांना बरं वाटावं म्हणून मी एकटी हू का?" मी खेकसलेच त्याच्यावर. त्याचा काय दोष? पण समोर तोच हुता.

मालकांनी सगळं सामान एका बाजूला लावायला सांगितलं. मग निजामभाऊच म्हणाला, "भाऊ, एक राहिलं. पुढं तुम्ही बसत होता. आता पुढं वजन काय ठेवणार?"

मालक खाली बघायला लागले. ह्याचा इचार त्यांनी केलावता, नुसतं बोलले नव्हते. मी मागं एकटी बसले तर होडीचं तोंड वर उचलणार, वारा त्याला धरणार आणि होडी गोल फिरणार. पुढं कायतरी ठेवायलाच पायजे.

"वाळू भरू," मालक म्हणले. "खताच्या पिशवीत. माझ्या वजनाएवढी."

भंगार तोलायचा काटा तितंच हुता. मालक चपला काढून काट्यावर चढले. निजामभाऊनं आकडा बघितला आणि वाचलाच न्हाई. मीबी बघितला. एवढ्यात एवढा माणूस कुटं गेला, असं झालं मला.

आणि माझं तोंड सुटलं. "हे वजन न्हाई चालायचं. ह्या वजनावर होडी नीट चालत न्हाई. पावसाळ्यापासून वल्हं मारताना मला जड जातंय, तोंड वर येतंय, सारखी फिरतीय. मी आपली होडीला शिव्या देत हुते. होडीला काय झालंवतं? हे तितं पुढं बसून बसून इरत चाललेते आणि मी होडीला शिव्या देत हुते!" मला रडू आवरंना. "ह्यांचं पयलं वजन घ्या. जत्रंत काट्यावर उभे राहिलेते, ते. त्याच्यावर होडी सरळ जाती."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणले. "तेवढी भरू."

सगळ्या दुकानात मी पसंत केलेली एवढी एकच गोष्ट.

त्यानंतर मालकांनी दम म्हणून घेतला न्हाई. निजामभाऊ स्वतः टेम्पोतनं सामान घेऊन आला, काठावर बसून दोघांनी रोलर बसवला, कडी बसवली. बसायची फळी खाली घेतली, माझे पाय टेकावेत म्हणून. मला चार-चार येळा बसवून बघायचे, हात पुरतो का, दोर घावतो का. दुखायला लागलं की झाडाला टेकायचे, गोळी घ्यायचे, परत पाना हातात. राजेश्वरी भेटायला आली तर तिला म्हणले, "तुझ्या आयशीला सांग शिकायला. दिवस सरत चाललेत." ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिलाबी ढकललं. मला सगळं कळत हुतं. मी शिकले की हा माणूस सुटला, एवढंच माझ्या डोक्यात. रोलर बसंना, कडी घावंना, असं झालं असतं तर मला पायजेच हुतं.

पण एक दिवस सकाळी म्हणले, "आज तू एकटी जा. मी काठावर बसतो." अंगावरचा सदरा नुसता लटकत हुता. त्यांना न्हाई म्हणायची माझी छाती झाली न्हाई.

गेले. रात्रीचं जाळं मधल्या अंगाला लावलेलं हुतं. पुढं वाळूच्या पिशव्या, मालकांच्या जागेवर. होडी सरळ गेली. किती दिवसांनी अशी सरळ गेली! नांगर टाकला, धरला. जाळं रोलरवर घेतलं तर आपलं आपण वर यायला लागलं. वारा सुटला, दोर कडीत अडकवला, वल्हं मारलं, होडी जागेवर आणली, परत ओढायला लागले. कटला घावला, चिलापी घावली. कुटं काय अडकलं न्हाई, कुटं काय तुटलं न्हाई. पुढून कुणी ओरडलं न्हाई. त्या माणसानं सगळं माझ्या हाताच्या मापानं केलंवतं आणि ते सगळं जमून आलंवतं.

जाळं संपलं तरी मी परतले न्हाई. पाण्याच्या मधी बसून राहिले. मी ठरवलं, जाऊन सांगायचं, जमलं न्हाई. रोलर अडकतोय म्हणायचं. म्हणजे उद्या परत पाना घेतील, परवा परत घेतील. दुरुस्तीला लागला की हा माणूस दुखणं इसरतो, हे मी बघितलंवतं. मासे पाण्यात सोडून द्यायचे आणि रिकामी जायाचं. एक कटला मी सोडलासुद्धा.

मग काठाकडं बघितलं. बसतो म्हणलेते, पण बसले नव्हते. जांभळीच्या खोडाला एका हातानं धरून उभे हुते. मी निघाले तवापासून तसेच उभे असणार. लांबूनसुद्धा कळत हुतं, अंगाचा सगळा भार त्या खोडावर हुता. माझ्याकडं बघत हुते.

मी वल्हं मारलं. होडी काठाला लागली तरी ते झाडापासून हलले न्हाईत. तितूनच विचारलं, "जमलं?"

तोंडात आलंवतं, रोलर अडकतो. जिभेवर आलंवतं.

"जमलं," मी म्हणलं.

"खरं?"

"व्हय. काय अडलं न्हाई. सगळं नीट हाय."

त्यांनी झाडाचा हात सोडला आणि तितंच मातीत बसले. म्हणले, "बरं झालं. मी लय दमलो गं, भामा." दवाखान्यातनं आल्यापासून त्या माणसानं दमलो म्हणून म्हणलं नव्हतं. मी पाण्यातनं तशीच पळत गेले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. होडी बांधायचीसुद्धा राहिली.

मग ते परत काठावर आले न्हाईत. रोलर कसा चाललाय, नांगर धरतो का, एक शब्द विचारला न्हाई. घरी पडून राहिले, पेज दिली तर दोन घोट घ्यायचे, माझा हात हातात घेऊन झोपायचे. उन्हाळा लागायच्या आधी गेले.

आता मी एकटी जाते. होडी चांगली चालती, मासा घावतो, लेकीच्या दारात जायाची पाळी आली न्हाई. लोकं म्हणतात, भामाबाई, नथूनं तुझं बघ कसं केलं. व्हय, केलं. पण त्या दिवशी रोलर अडकतो म्हणून सांगितलं असतं, तर आणखी थोडे दिवस राहिले असते, असं मला अजून वाटतं. खरंच वाटतं. पण दमलेल्या माणसाला आपल्यासाठी किती दिवस उभं ठेवायचं, सांगा?