मुक्याचा मालक

चिखलीच्या प्राणी निवाऱ्यात ऋचा गेली होती मांजराचं पिल्लू आणायला, आणि घेऊन आली तीन पायांचा कुत्रा. बाकीची कुत्री भुंकून भुंकून जीव काढत होती. हा मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेला, हूं की चूं करेना. म्हणून तिथं सगळे त्याला मुक्या म्हणत.

"अपघात झाला होता का याला?" तिनं विचारलं.

निवारा सांभाळणाऱ्या करिष्मानं मान हलवली. "अपघात नाही, ताई. मोशीत नदीकाठी सापडला. मागच्या पायाला तार आवळलेली होती. पाय सडला, कापावाच लागला. कुणीतरी मुद्दाम केलंय."

त्याच दिवशी तिनं त्याला मोशीला घरी आणलं.

"लग्न तोंडावर आलंय आणि हे काय नवीन लचांड?" म्हणून वडील, श्यामराव, कुरकुरले. पण दुधात पोळी कुस्करून त्याच्यापुढे ठेवायला लागले तेही तेच. हळूहळू मुक्या रुळला. उड्या मारत ऋचाच्या मागं मागं फिरू लागला. एकदा तर झोपेत शेपटी हलवताना दिसला.

ऋचाचा साखरपुडा सलिलशी झाला होता. चाकणच्या कंपनीत इंजिनिअर, बोलणं मऊ, वागणं अदबीचं. घर मोशीतच, नदीच्या अंगाला. पोरीनं नशीब काढलं, असं नातेवाईक म्हणत.

रविवारी सकाळी तो आला. फाटक वाजलं तशी पाणी पिणाऱ्या मुक्यानं मान वर केली आणि तो सरपटत दिवाणाखाली शिरला.

"नव्या माणसाला बुजतो," ऋचा म्हणाली.

सलिल वाकून दिवाणाखाली बघत राहिला. बराच वेळ. मग त्यानं हलकेच शीळ घातली, एक लांब, दोन आखूड.

मुक्या बाहेर आला. कान पाडून, पोट फरशीला घासत, थेट सलिलच्या पायांपाशी. त्याच्याखालची फरशी ओली होत होती.

"बघ," सलिल हसला. "विसरला नाही."

"तुझा आहे हा?"

"होता. ऐकायचाच नाही. पट्टा कुरतडायचा, मग तारेनं बांधला. तरी पळालाच." तो मुक्याचं डोकं थोपटत होता. आवाजात राग नव्हता, लाज तर नव्हतीच. "बरं झालं तुझ्याकडे आला. लग्नानंतर तुम्ही दोघं बरोबरच या."

ऋचानं खाली वाकून मुक्याला उचललं. आतल्या खोलीत जाऊन तिनं कडी लावली.

"तू जा, सलिल. हे लग्न होणार नाही."

"पत्रिका वाटून झाल्यात, ऋचा." दाराबाहेरचा आवाज तितकाच मऊ होता. "सावकाश विचार कर. मला घाई नाही."

स्वयंपाकघरातून श्यामरावांनी सगळं ऐकलं होतं. दुपारी अंगठी घेऊन स्वतः सलिलकडे गेले आणि परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं.

"अंगठी घेतली त्यानं. म्हणाला, कुत्राही माझाच आहे, न्यायला येईन."

तेवढ्यात ऋचाचा फोन वाजला. सलिलच्या आई, सुमनताई, बोलत होत्या. आता बोलणी खावी लागणार, म्हणून ऋचानं मन घट्ट केलं.

"कुत्रा जगला म्हणे?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तार मीच तोडली गं त्याची. पायाची सोडवता येईना, खांबाची तेवढी तोडली. त्याला देऊ नकोस परत. आणि दार लावून घेत जा."

ऋचानं विचारलं, "आणि तुम्ही, काकू?"

"मी कुठं जाणार, बाळा?" सुमनताई म्हणाल्या. मग त्यांच्या मागं कुणीतरी अगदी मऊपणे विचारलं, "कोणाशी बोलतेस, आई?" आणि फोन बंद झाला.

ऋचानं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

"बाबा, गाडी काढा," ती म्हणाली. "आधी चौकीत जाऊ, मग त्यांच्या घरी."