अर्धं बोट खाली

दगडाचा कोपरा उडाला तो थेट माझ्या बुटापाशी येऊन पडला. सुपारीएवढा तुकडा. दगडकामाच्या वर्गातले सगळे हातोडे एकदम थांबले.

"गेला!" मी म्हणालो. नको तिथे तोंड उघडायची माझी खोड जुनीच आहे.

आमच्या हिने छिन्नी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि दगडाकडे बघत बसली. सात शनिवार खपून तिने त्या वीतभर दगडाचं एक तोंड सपाट करत आणलं होतं. आज आठवा, म्हणजे शेवटचा. संध्याकाळी पाचला शिकवणारे मिस्त्री दगड तपासणार होते. पास झालेले दगड उद्या शाळेच्या नव्या कुंपणभिंतीत बसणार आणि नापास झालेले भराव म्हणून खड्ड्यात जाणार. आत्ता सकाळचे दहा वाजले होते.

या वर्गात मीही नाव घातलं होतं, हिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून. दुसऱ्याच शनिवारी अंगठ्यावर हातोडा बसला. तेव्हापासून चहाचा थर्मास सांभाळणं आणि न मागता सल्ले देणं, एवढीच दोन खाती माझ्याकडे उरली. मी निवृत्त मीटर रीडर. दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय जाते थोडीच!

हिची गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली हिने. शाळेच्या फाटकावर या वर्गाची पाटी दिसली, तेव्हा रस्त्यात उभं राहून तिने ती दोनदा वाचली.

"या वयात दगड फोडणार?" मी म्हटलं. "लोक म्हणतील, नवऱ्याने बायकोला सक्तमजुरीला धाडली."

"अहो, माझं आजवरचं सगळं काम संध्याकाळपर्यंत चुरगळलं," ती म्हणाली. "एक तरी असं करू दे, जे केलं तसं राहील."

मी गुपचूप दोघांचे फॉर्म भरले.

मिस्त्री म्हणजे मोजून बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "इथे मशीन नाही, घासकागद नाही. आधी चारी कडा सरळ करायच्या, मग मधलं काढायचं. आणि घाव नेहमी कडेकडून आत घालायचा. आतून बाहेर मारलात की कोपरा गेलाच म्हणून समजा."

हे वाक्य हिने झोपेत म्हणून दाखवलं असतं. तरी व्हायचं ते झालं. कोपऱ्याजवळ जोंधळ्याएवढा उंचवटा उरला होता, तेवढाच काढायचा म्हणून तिने आतून बाहेर घाव घातला.

मिस्त्री जवळ आले. "काय झालं, बाई?"

"हात जुन्या वळणावर गेला," ही म्हणाली. "चादरीची सुरकुती मधून कडेला घालवतात ना, तसा."

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. मला मात्र राहवेना. "कोपऱ्यावरच्या दुकानात चिकटवायची ट्यूब मिळते. हा गेलो नि हा आलो. कुणाच्या बापाला कळणार नाही!"

हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठलो होतो तो परत बसलो.

"तुम्ही लोकांना चहा द्या," ती म्हणाली. मग मिस्त्रींकडे वळली. "कोपरा जेवढा गेलाय, तेवढं सगळं तोंडच खाली नेलं तर?"

मिस्त्रींनी तुटल्या जागी बोट टेकवून खोली पाहिली. "अर्धं बोट. म्हणजे सगळं पहिल्यापासून. सात शनिवारांचं काम आहे हे."

"सात शनिवार मला येत नव्हतं. आता येतंय."

मिस्त्रींनी स्वतःची छिन्नी काढून तिच्यापुढे ठेवली. "ही घ्या. धार चांगली आहे."

ती बसली ती बसलीच. नवी रेघ आखली आणि एकेक कड घेत निघाली. टक् टक् टक्, सगळा नाद एका लयीत. बाराला मी डबा उघडला, एकला झाकला. "दोन घास खाऊन घे," म्हटलं, तर तिला ऐकूच आलं नाही. केस, भुवया, पदर सगळं पांढरं झालेलं. प्रत्येक घाव कडेकडून आत. तीनच्या सुमारास तिने मनगट दोन मिनिटं ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पुन्हा हातोडा उचलला. बाकीचे आपापले दगड सोडून भोवती उभे राहिले. सल्ला द्यायची हिंमत मलाही झाली नाही.

पाचला मिस्त्री आले. दगडाच्या समोरासमोरच्या कडांवर त्यांनी दोन सारख्या लाकडी पट्ट्या उभ्या केल्या, उकिडवे बसले आणि एक डोळा मिटला. एक पट्टी दुसरीमागे तंतोतंत लपली पाहिजे, जराही तिरकी दिसली तर दगड नापास. पट्ट्या फिरवून त्यांनी दुसऱ्या बाजूनेही पाहिलं.

"बसेल," मिस्त्री उठत म्हणाले. "माझ्या भिंतीत बसेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर असा भरून आला की शेजारच्या अनोळखी पोराला मी मिठीच मारली. हिने फक्त विचारलं, "डब्यात काही उरलंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड भिंतीत बसले. हिचा कमरेच्या उंचीवर, रस्त्याच्या बाजूला. मी तिथून हलायला तयार नव्हतो. भाजीची पिशवी घेऊन चाललेले एक गृहस्थ थबकले.

"छान कापलाय हो. मशीनवर का?"

"मशीन?" मी ओरडलोच. "ही काय मशीन, इथे उभी आहे! माझी बायको!"

एरवी ती दंडाला चिमटा काढून म्हणाली असती, "पुरे झालं तुमचं." आज ती पुढे आली.

"हात लावून बघा," ती म्हणाली. "लावा की. काही होत नाही त्याला."

गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली, तळहात पँटला पुसला आणि दगडावर ठेवला.