माझा स्वभावच बंद होण्याचा

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. घरामागच्या पोहण्याच्या तलावाभोवती उंच कुंपण आहे, आणि आत जायची एकुलती एक वाट माझ्या ताब्यात आहे. मित्रांनो, मी गोड बोलणाऱ्यांतले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका भांडणातून झाला. या घरची ठकी तेव्हा नुकती चालू लागली होती. तिच्या बाबांना कुंपण नको होते. खिडकीतून दिसणारे निळे पाणी गजांआड जाईल म्हणून ते हळहळत होते. पाण्यात काही पडले की वाजणारी घंटा बसवू, असे त्यांचे म्हणणे. काका म्हणाले, पाण्यावर जाळी ओढली की झाले. ठकीच्या आईने दोघांचे ऐकून घेतले.

"घंटा वाजेल ती पडल्यावर," ती म्हणाली. "जाळी ओढायला आपण विसरू. दोन्ही आणा, पण आधी कुंपण घाला."

वेल्डरने मला घडवले. सगळे गज उभेच ठेवले, चढायला आडवी पट्टी ठेवली नाही. कडी मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच लावली आणि बिजागरीला अशी स्प्रिंग घातली की कोणी उघडून गेले की मागे मी आपले आपण बंद व्हावे.

कौतुकाचे तर नावच नको. हातात सरबताचा ट्रे असला की मला लाथ बसे. काकांनी माझे नाव 'कटकटे' पाडले. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि दर वेळी खाड्कन बंद झाले.

मग एका दुपारी पाहुणे आले. ये-जा वाढली तसे काका वैतागले आणि मला उघडे धरून त्यांनी समोर मातीची कुंडी टेकवली. इतका राग मला कधी आला नव्हता. पोहून सगळे घरात जेवायला गेले. प्रत्येकाला वाटले, ठकी दुसऱ्या कोणाजवळ आहे. जाळी कोणी ओढली नाही. पोहताना बंद केलेली घंटा बंदच राहिली.

ठकी एकटीच आली. तिची हिरवी बादली पाण्यावर तरंगत होती. मी सगळा जोर लावला. ओल्या फरशीवर कुंडी तसूतसूने सरकू लागली. ठकीने खांबाला धरून पाऊल उचलले, तेवढ्यात कुंडी कलंडली आणि मी आदळले. ठकी बाहेरच राहिली, पण तिचे बोट माझ्यात चेमटले.

रडणे ऐकून सगळे धावले. बोट काळेनिळे झाले होते, नखातून रक्त येत होते. काका पाना घेऊन आले आणि हे कटकटे आजच उखडतो म्हणाले. बाबांनीही मान हलवली. माझी बाजू घ्यायला होते कोण?

आईने ठकीला कडेवर घेतले. तिने कलंडलेली कुंडी पाहिली, मग पाण्यावरची बादली पाहिली.

"बोट बरं होईल," ती म्हणाली. "पाना ठेवा, भावोजी. ती कुंडी उचला."

काकांनी पाना खाली ठेवून कुंडी उचलली.

मित्रांनो, त्या बोटाचे मला वाईट वाटते, पण माफी मी मागणार नाही. मला लाथा मारा, नावे ठेवा. फक्त बिजागरीत तेल घाला आणि मला कधीही अडवून ठेवू नका. ठकी आता शाळेत जाते, पोहायला शिकते. परवा कडी उघडणाऱ्या आईची वाट बघत ती त्याच वाकड्या नखाने माझा रंग खरवडत उभी होती. खरवड बाई, खुशाल खरवड.