तांबटाघरची बोलकी तार

तांबटाच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या भांडी ठोकून सगळ्यांचे कान बधिर झालेले, त्यामुळे "मीठ दे" हेसुद्धा पलीकडच्या गल्लीला कळायचं. अशा घरातल्या धाकटीने तारेतून बोलणं पाठवायचं खूळ डोक्यात घ्यावं, म्हणजे कमालच!

पण तिने ते तडीस नेलं. चुंबक आणि पातळ लोखंडी चकती बसवलेला एक डबा मागच्या खोलीत, तसाच दुसरा पुढच्या कारखान्यात, मध्ये तार. एकात बोलायचं, दुसऱ्यात ऐकायचं. वडिलांनी मात्र बजावलं होतं, "आज विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनी पास केलं तर ठीक. नाहीतर खोली रिकामी कर. माझी भांडी अंगणात भिजतायत."

परीक्षक आले, पोट सावरत मागच्या खोलीत बसले आणि डबा कानाला लावला. कारखान्यातून वडील गरजले, "ऐकू येतंय का?"

"येतंय," परीक्षक म्हणाले, "पण भिंतीतून."

धाकटी पुढे धावली. "बाबा, जरा हळू!"

"हळूच बोलतोय!" वडील ओरडले. मग आईने डबा घेतला. तिच्या आवाजाने तर फळीवरचं झाकण खाली आलं.

धाकटी परतली तेव्हा परीक्षक टोपी शोधत होते. गेली खोली! तार तर तुटली नाही ना, म्हणून तिने डबा कानाला लावला.

आत वडील बोलत होते, बहुधा आईच्या कानाशी लागून. इतक्या हलक्या आवाजात त्यांना बोलता येतं, हे तिला जन्मात ठाऊक नव्हतं.

"अगं, नाही चाललं तरी खोली तिलाच राहू दे. भांड्यांचं बघू काहीतरी. पोरगी माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने डबा परीक्षकांच्या कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"लठ्ठ कोणाला म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"आईला म्हणत असतील," धाकटी कशीबशी म्हणाली.

परीक्षक खो खो हसले. "शब्दन्‌शब्द ऐकला. पास!"

धाकटीने डबा तोंडाशी धरला आणि घराण्याची रीत मोडून अगदी हळू म्हणाली, "बाबा, मीही ऐकलं."

मग भिंत हादरली.

"परत बोल!"