निळ्या ताडपत्रीमागचा देव

यंदाच्या पांढऱ्या रविवारी मला देवाच्या पदावरून काढून टाकण्यात आलं.

असं काही झालेलंच नाही, असं आमच्या संडे स्कूल कमिटीने ठरवलं आहे, आणि ठराव मंजूरही झाला आहे. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, मी लिहिलेलं नाही. जे झालं नाही ते कसं झालं, तेवढं सांगते.

माझं नाव फुआतिनो, वय तेरा. माझ्या जबड्याच्या हाडांत गाठी वाढतात, त्यामुळे चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन नीरफणस टांगल्यासारखे गाल दिसतात. खालून दाब आल्याने डोळे जरा वर सरकलेत, म्हणजे मी कायम आभाळाकडे बघत असल्यासारखी दिसते. गावातल्या बाकीच्या भाविकांना त्यासाठी मेहनत घ्यावी लागते. शहरात एक परदेशी डॉक्टर आला होता. त्याने माझे अकरा फोटो काढले, या रोगाचं नाव चित्रांतल्या गुबगुबीत देवदूतांवरून ठेवलंय असं सांगितलं, विशीपर्यंत सूज बहुधा आपोआप ओसरेल म्हणाला, आणि जेवायला गेला.

देवदूताचं काम मात्र आमच्या चर्चमध्ये दरवर्षी तिथले एक कारभारी, डीकन साकारिया, यांच्या पुतणीला मिळतं. तिचे गाल बसलेले आहेत.

पांढरा रविवार हा मुलांचा दिवस. ऑक्टोबरात सगळ्या सामोआत मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पुढे उभी राहतात, पाठ केलेलं वचन म्हणतात, नाटक करतात. दुपारी आधी मुलं जेवतात आणि मोठी माणसं वाढतात. एकाही मुलाला वगळायचं नाही असा नियम आहे. मी नऊ वर्षांची असताना मला पुढे उभं राहून वचन म्हणायचंय असं सांगितलं, तेव्हा या नियमाने कमिटीची फार पंचाईत केली. अध्यक्ष साकारिया. त्यांच्या मते लहान वर्गातली मुलं माझ्या चेहऱ्याला घाबरली असती. ही तीच मुलं, ज्यांना मी रोज संध्याकाळी कानाला धरून समुद्रातून बाहेर काढते. पण कमिटी समुद्रावर येत नाही, पाय ओले होतात. साकारियांचं स्वतःचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं, आणि प्रार्थनेत डुलक्या घेणाऱ्यांना टोचायला हातात सहा फुटी काठी. तिला कोणी घाबरत नाही, असं ते धरून चालतात.

तीन बैठका झाल्या. तिसरीत कुणाला तरी आठवलं की देव कुणाला दिसत नाही.

तेव्हापासून मी देव. चार वर्षं मी ताडपत्रीमागून बोलले. ही ताडपत्री वादळानंतर मदत म्हणून आली होती. रंग निळा, कोपऱ्यात देणगीदाराचा शिक्का. जळत्या झुडपातून बोलले, ढगातून बोलले, एकदा वीज गेली तेव्हा पंखे बंद का पडले तेही मीच जाहीर केलं. दात जागेवर नसल्याने माझा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. पाळकसाहेबांना तो फार योग्य वाटला. आई दरवर्षी नवा पांढरा फ्रॉक शिवते, बाह्यांना लेस लावून. चार वर्षांत चार फ्रॉक ताडपत्रीमागच्या पालीने अगदी जवळून पाहिले.

यंदा मी पुन्हा विचारलं. एकच वचन, चार ओळींचं, पुढे उभं राहून. देवाचं काम सोडते म्हणाले.

साकारिया म्हणाले, "अगं, लोक जन्मभर देवाजवळ पोचायला धडपडतात, आणि तू देवपणच सोडतेस? इतका माज बरा नव्हे, पोरी."

कमिटीतल्या बायकांनी माना हलवल्या. त्यांच्या माना त्याच कामाच्या आहेत.

तेव्हा मी पुन्हा ताडपत्रीमागे. यंदाच्या नाटकात पूर होता. नाव बांधणारा म्हातारा म्हणजे साकारियांचा नातू. पुरात देवदूताचं काम नव्हतं, पण पुतणी होती, म्हणून देवदूत घातला. माझं पहिलं वाक्य झालं, की नाव बांध. मग नातवाने नाव बांधायची आणि नंतर मी पूर पाठवायचा. नातू हातोडा घरी विसरला होता. तो आणायला कुणी गेलं, तोवर मी आईने दिलेला नारळाच्या दुधातला पाव काढला.

ताडपत्री खालून उचलली गेली आणि पेनीचं डोकं आत आलं. पेनी आमच्या शेजारचा, पाच वर्षांचा, लहान वर्गातला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पावाकडे.

"देव तूच आहेस?"

"सध्या तरी."

"मग मला पाव दे."

अर्धा दिला. तो सरपटत मागे गेला आणि शांत बसलेल्या सगळ्या चर्चला त्याने बातमी दिली, की देव म्हणजे आपली फुआताईच आहे आणि ती पाव देते. पुढच्या मिनिटात लहान वर्गातली बावीसच्या बावीस मुलं ताडपत्रीखालून आत. पाव संपला, तरी कुणी बाहेर जाईना. बाहेरून साकारियांची काठी टोचू लागली. मग त्यांनी ताडपत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली, मुलांना आत-बाहेर करता येऊ नये म्हणून. इतकी घट्ट धरली की दोरीसकट खाली आली.

मी उभी होते. नवा फ्रॉक, ओठाला पावाचा चुरा, भोवती बावीस मुलं. वाक्य माझंच होतं म्हणून मी पूर पाठवला. नावेला अजून एकही खिळा ठोकलेला नव्हता, पण त्याला माझा इलाज नव्हता. आणि पुढे आलेच होते, तर चार वर्षांपूर्वी पाठ केलेलं वचनही म्हटलं. चारही ओळी. आईचा पंखा हातात थांबला, मग तिने माझी कॉलर नीट कर अशी खूण केली. लहान मुलांपैकी कुणी किंचाळलं नाही. घाबरलेला माणूस एकच होता, आणि काठी त्याच्याच हातात होती.

दुपारी रिवाजाप्रमाणे साकारियांना मला वाढावं लागलं. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, डुकराचं मांस, अळकुडी. माझ्या खांद्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "उद्यापासून तू देव नाहीस." पेनी मधेच म्हणाला, "काका, मला अजून."

प्रकरण इथे मिटलं असतं. पण पुढच्या रविवारी पाळकबाईंनी लहान वर्गाला देवाचं चित्र काढायला सांगितलं. बावीस कागद आले. बावीसही देवांना दोन्हीकडे भलेमोठे गाल, डोळे वर. एका मुलीला कागद पुरला नाही, म्हणून तिने डावा गाल बाकावर काढला. साकारियांनी वर्गात येऊन ही चित्रं चुकीची आहेत, देवाचा चेहरा बारीक असतो आणि दाढी असते, असं समजावलं आणि नवे कागद वाटले.

पेनीने हात वर केला. "काका, तुम्ही पाहिलाय का देव?"

साकारिया उरलेले कागद मोजू लागले.

"आम्ही पाहिलाय."

त्या रात्री बैठक झाली. ताडपत्री पडली नाही, देव कुणाला दिसला नाही, असा ठराव झाला. देव दिसला नाही, म्हणून मला काढण्याचा प्रश्न नाही. काढलं नाही, म्हणून मी पदावर आहे. पदावर आहे, म्हणून पुढे उभं राहून वचन म्हणता येणार नाही. आणि पुढच्या वर्षीपासून देवाचा आवाज साकारिया स्वतः काढणार आहेत, त्यामुळे मला काही कामही नाही. या शेवटच्या कलमाला कमिटीने टाळ्या वाजवल्या, असं आई म्हणाली.

मी अर्ज दिला आहे. त्याची ही नक्कल:

मा. अध्यक्ष, संडे स्कूल कमिटी, यांस. विनंती की, देवाच्या चेहऱ्याबाबत उद्भवलेला वाद मिटवण्यासाठी कमिटीने वरिष्ठ कार्यालयाकडून देवाचा अलीकडचा एक फोटो मागवावा. फोटो समोरून काढलेला, दोन्ही गाल स्पष्ट दिसणारा आणि दोन डीकनांनी साक्षांकित केलेला असावा. तो आल्यावर वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या बावीस चित्रांशी व एका बाकाशी ताडून पाहावा. फोटो येईपर्यंत चित्रं भिंतीवरच राहू द्यावीत, बाक पुसू नये, आणि अर्जदारास दर पांढऱ्या रविवारी पुढे उभं राहून चार ओळी म्हणण्याची तात्पुरती परवानगी असावी. अर्जदाराचा चेहरा येत्या सात वर्षांत ओसरण्याची शक्यता असल्याने फोटो त्याआधी मिळावा, ही नम्र विनंती.